ऑर्गनवाली आणि रिकामा बाक

नेड्रा ओल्डरॉइड आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा तीच वाजवत होती आणि आजही तीच वाजवते. उंच, हाडापेराने मोठी बाई. बोलणं कमी, पण जे बोलेल ते कोरडं आणि नेमकं. आमच्या सॅनपीट खोऱ्यात माणसं टर्की पाळतात, गवत कापतात, पोरं वाढवतात आणि रविवारी चर्चला जातात. आम्ही मॉर्मन, ख्रिस्तीच पण वेगळ्या पंथाचे. नेड्राचा नवरा बॉइड टर्कीच पाळतो. त्यांचं घर आमच्या परसामागच्या पाटापलीकडे आहे. चर्चमध्ये बायकाबायकांच्या जोड्या लावून देतात, एकमेकींची विचारपूस करायला. त्यात नेड्रा माझ्या वाट्याला आली. म्हणून दर गुरुवारी मी पाटावरची फळी ओलांडून तिच्याकडे जाते, आणि म्हणूनच गावाला तिच्याबद्दल जे ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे.

त्या वेळी नेड्राकडे ऑर्गनबरोबर मोठ्यांचा रविवारचा वर्गही होता. धर्मग्रंथातला धडा घ्यायचा, कुणाला तरी वाचायला सांगायचं, कुणाला तरी रडू आवरेनासं व्हायचं, मग प्रार्थना आणि घरी. एका रविवारी वर्ग संपल्यावर शेल्बी नावाची एक नवी लग्न झालेली पोरगी ऑर्गनपाशी घुटमळत राहिली. सगळे गेल्यावर तिने विचारलं, आपला पंथ काढणाऱ्या पहिल्या संदेष्ट्यांना स्वतःला अनेक बायका होत्या हे खरं का? आणि खरं असेल तर मला आजवर कुणी का नाही सांगितलं?

आता अनेक बायकांचं आम्हाला नवल नाही. आमच्या सगळ्यांचीच कुणीतरी खापरपणजी कुणाची तरी दुसरी नाहीतर तिसरी होती. पण ते सगळं आमचे पूर्वज इकडे वाळवंटात आल्यानंतरचं, असंच आम्ही धरून चाललो होतो. त्याआधीचं कुणी बोलत नसे. नेड्रालाही नीट ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "शोधून सांगते."

नेड्राने शब्द दिला की दिला. कॉलेजच्या लायब्ररीतून ती पुस्तकांच्या पिशव्या भरून आणायला लागली. बॉइड म्हणायचा, एवढ्या वजनाचं खाद्य तर मी माझ्या पाखरांना पण घालत नाही. पण नेड्राचं वाचून होईतो शेल्बीचा नवरा नेवाडातल्या खाणीवर कामाला लागला आणि दोघं गाव सोडून गेली. पोरीने चर्च सोडलं असंही कानावर आलं. कुणीतरी सांगितलं, इंटरनेटवर एक जागा आहे, तिथं आपल्या धर्मावरून लोक भांडतात, तिथं ती लिहीत असते.

म्हणून नेड्रा तिथं गेली. शेल्बीला द्यायचं उत्तर तिने तिथं लिहून टाकलं. काय खरं आहे, काय ठाऊक नाही, आणि ते वाचूनही मी रविवारी ऑर्गनवर का बसते. खाली नाव म्हणून टाकलं, 'म्हातारी ऑर्गनवाली'. शेल्बीने ते वाचलं की नाही, देव जाणे. पण बाकीच्यांनी वाचलं.

पहिलाच माणूस म्हणाला, आजीबाई, तुम्ही आपले पाव भाजा. नेड्राने लिहिलं, "भाजलाय. थंड व्हायला ठेवलाय. तोवर तुमच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येते."

हे मला तिने पुढे कधीतरी सांगितलं तेव्हा मी हसून हसून लोळले. ती नाही हसली. म्हणाली, खरंच थंड होत होता.

मग ते रोजचंच झालं. सकाळी बॉइड पाखरांकडे गेला की ती पिठाचा गोळा फुगायला ठेवायची आणि शिवणखोलीतल्या कॉम्प्युटरपुढे बसायची. टीकाकार तऱ्हेतऱ्हेचे होते. काही नुसतेच शिव्या देणारे. काही खरोखर दुखावलेले; सगळं आयुष्य चर्चला दिलं आणि मग कळलं की आपल्याला अर्धंच सांगितलं होतं, अशी माणसं. त्यांना ती सावकाश उत्तर द्यायची. तिला खरा राग यायचा तो आपल्याच बाजूच्या काही लोकांचा. तिथं धर्माची बाजू घेणारे काही बाप्ये असे होते की प्रश्न विचारणाऱ्याला म्हणायचे, तुला दारू प्यायचीय म्हणून तू चर्च सोडलंस. नेड्रा त्यांना झापायची. लिहायची, याच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येत नाही म्हणून याच्या घरात डोकावू नका.

बॉइडला हे कधीच पटलं नाही. त्याचा विश्वास दगडासारखा. जन्मला तसा आहे, मरेल तसा असेल. एकदा मी तिथं असतानाच तो तिला म्हणाला, "पाऊस आला की टर्की तोंड वर करून बघत बसतात आणि नाकात पाणी जाऊन मरतात म्हणतात. माझ्या तरी कधी मेल्या नाहीत. पण तुझ्याकडे बघून मला वाटतं, मरत असतील."

"मग तू खाली बघून चर," नेड्रा म्हणाली. तो हसला, टोपी घातली आणि गेला. भांडण असं नव्हतं त्यांच्यात. पण तिच्या डोक्यात जे चालायचं ते ऐकायला तो नव्हता. मी होते, पण मला त्यातलं फारसं कळायचं नाही. ती सांगायची, मी माना डोलवायची आणि तिच्याकडच्या लोकरीचे गुंडे करून द्यायची.

त्यात एक दिवस तो आला. त्याने नाव घेतलं होतं 'रिकामा बाक'. त्याने लिहिलं होतं, "ऑर्गनवाली बाईंनी दिलेला उतारा अगदी बरोबर आहे. फक्त त्यांनी त्याच्या पुढचं वाक्य सोडलं." नेड्राने पुस्तक उघडून पाहिलं. खरंच सोडलं होतं. मुद्दाम नव्हे, पण त्या वाक्याने तिच्या म्हणण्यातली हवा निघत होती. तिने तिथंच लिहिलं, तुमचं बरोबर आहे, मी चुकले. आणि मग तिने त्याचे जुने लेख शोधले आणि तिसऱ्या दिवशी त्याची तशीच एक चूक काढली. त्यानेही कबूल केली.

तिथपासून दोघांची जुंपली ती वर्षानुवर्षं. आमच्या ग्रंथात फार पूर्वी इस्रायलहून अमेरिकेत आलेल्या लोकांची गोष्ट आहे; त्या काळात इथं घोडे होते का. संदेष्ट्यांनी इजिप्तच्या जुन्या गुंडाळ्यांमधून जे वाचलं ते खरंच तिथं लिहिलेलं होतं का. कोण कधी काय म्हणालं. तो चर्च सोडलेला माणूस, तिचं म्हणणं पाडायला बसलेला. पण तिचं म्हणणं काय आहे हे त्याच्याइतकं लक्ष देऊन दुसऱ्या कुणीच वाचत नव्हतं. गुरुवारी गेले की तिच्या चेहऱ्यावरून मला कळायचं, आज त्याने काहीतरी अवघड टाकलंय. इतर बायका मुलाच्या बास्केटबॉलच्या सामन्याबद्दल बोलतात तशी ती बोलायची. "काल त्याने मला पार कोपऱ्यात नेलं होतं गं." आणि डोळे चमकायचे.

तेवढ्यात इकडे चर्चमध्ये वेगळंच झालं. त्या वर्षी वर्गात चर्चच्या सुरुवातीचा इतिहास होता. आमचा ग्रंथ संदेष्ट्यांनी सांगितला आणि दुसऱ्याने लिहून घेतला, तो धडा आला. नेड्राने सांगितलं की संदेष्टे पुष्कळदा एक दगड टोपीत ठेवून, टोपीत तोंड घालून शब्द सांगत, असं तिथं बसलेल्यांनीच लिहून ठेवलंय. तिने काही गुपित फोडलं नव्हतं. चर्चने स्वतः ते छापलंय. पण आम्ही लहानपणापासून पाहिलेल्या चित्रांत संदेष्टे टेबलाशी बसून, मूळ ग्रंथ ज्यांवर कोरला होता त्या सोन्याच्या पत्र्यांवर बोट फिरवत असतात. म्हातारे ब्रदर फॅरल उठले (आमच्यात सगळेच ब्रदर नाहीतर सिस्टर), काठी टेकत दारापर्यंत गेले आणि म्हणाले की असलं इंटरनेटवरचं वाचायचं असतं तर मी घरीच राहिलो असतो.

पुढच्या आठवड्यात बिशपने तिला बोलावलं. आमच्यात बिशप पगारी नसतो. हा टायरचं दुकान चालवतो आणि मनाने लोण्यासारखा आहे. नेड्राने मला जसं सांगितलं तसं सांगते. त्याने तिला खुर्ची दिली, बॉइडच्या पाखरांची चौकशी केली, आणि मग बराच वेळ अंगठीच फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "सिस्टर ओल्डरॉइड, तुम्ही खोटं काही बोलला नाहीत. मी घरी जाऊन बघितलं. पण लोक आठवडाभर राबून दमून येतात हो. त्यांना जरा टेकायला जागा लागते."

"आणि इंटरनेटवर वाचलं म्हणजे?" तिने विचारलं. "तेव्हा कुठं टेकतील?"

"तेव्हाचं तेव्हा," बिशप म्हणाला.

रविवारी सगळ्यांसमोर नाव घेऊन तिला वर्गाच्या कामातून मोकळं केलं. आभार मानायला सगळ्यांनी हात वर केले, मीही केला, तशी रीतच आहे. नेड्रा ऑर्गनवर पाठमोरी बसली होती. मग तिने पुढचं गाणं वाजवलं, एकही सूर न चुकता.

त्यानंतर कुणी तिच्याशी वाईट वागलं असं नाही. आमच्याकडे कुणी वाईट वागत नाही. फक्त बायका तिच्याशी बोलताना जपून बोलायला लागल्या. कुणाच्या मुलाने चर्च सोडलं की पूर्वी आया तिच्याकडे यायच्या, आता यायच्या थांबल्या. तिला फार ठाऊक आहे, असं म्हणायच्या. ज्यांच्यासाठी ती रोज सकाळी त्या चिखलात उतरत होती, त्यांनाच तिच्या पायांचा चिखल नको होता.

त्याचंही तिकडे तसंच झालं. चर्च सोडलेल्यांच्या त्या गोतावळ्यात एक वाक्य फिरायला लागलं. शंभर वर्षांपूर्वी चर्चचा एक मोठा माणूस असं असं म्हणाला होता. वाक्य भयंकर होतं, आणि सगळे आनंदाने ते एकमेकांना पाठवत होते. रिकाम्या बाकाने मूळ शोधलं. ते वाक्य कुणी कधी बोललंच नव्हतं, कुणीतरी रचलं होतं. त्याने ते तिथं मांडलं. लोक त्याच्यावर तुटून पडले. तू आतून त्यांचाच आहेस, पगार कुठून मिळतो, परत जायचं तर जा. ज्यांच्याबरोबर तो इतकी वर्षं होता त्यांनीच.

नेड्राला राहवलं नाही. तिने सगळ्यांसमोर त्याचे आभार मानले. त्यामुळे तर आगीत तेलच पडलं. बघा, ऑर्गनवाली खूश झाली, म्हणजे हा त्यांचाच. तेव्हा तिने पहिल्यांदा त्याला एकट्याला दोन ओळी पाठवल्या. माफ करा, माझ्या आभारांनी तुमचं नुकसान झालं.

त्याचं उत्तर आलं, "नुकसान व्हायला आधी काही शिल्लक असावं लागतं."

मग हळूहळू एकेक कळत गेलं. तो आयडाहोत पोकाटेलोला राहत होता. नाव वेल्डन पॉल्सन. पंचवीसेक वर्षं तो चर्चच्याच नोकरीत होता, शाळेतल्या पोरांना धर्मग्रंथ शिकवायचा. शिकवता यावं म्हणून वाचायला लागला आणि वाचता वाचता विश्वास गेला. राजीनामा दिला. बायको थोडे दिवस थांबली, मग बहिणीकडे गेली ती गेलीच. आता तो शेतीच्या पाइपांच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचा, आणि घरी एक म्हातारं कुत्रं होतं. दोघं एकमेकांना फार लिहीत नसत. कधी तो लिहायचा, इथं बर्फ पडतंय. ती लिहायची, इथंही. भांडण मात्र पूर्वीसारखंच सगळ्यांसमोर चालू होतं, आणि त्यात कुणी कुणाला सूट देत नव्हतं.

एका वसंतात, पाटाला नुकतं पाणी सोडलं होतं तेव्हा, त्याचा निरोप आला. तिने मला तो वाचून दाखवला म्हणून आठवतोय. "ऑर्गनवाली बाई, माझी आई गेली. शुक्रवारी रिचफील्डला अंत्यविधी आहे. तुमच्याकडून फार लांब नसावं. तिथं मला ओळखणारे पुष्कळ असतील. माझ्याशी बोलणारं कुणी असेल का, माहीत नाही. यायलाच हवं असं नाही."

नेड्राने जेवताना बॉइडला सांगितलं. तो म्हणाला, हा कोण?

"मी ज्याच्याशी भांडते तो."

बॉइडने काटा खाली ठेवला, विचार केला. मग म्हणाला, "मग तर जायलाच पाहिजे." आणि शुक्रवारी सकाळी त्याने तिच्या गाडीची काच पुसून ठेवली, तेल बघितलं. मी बरोबर येऊ का असं मी विचारलं होतं. ती नको म्हणाली. त्यामुळे पुढचं सगळं मी तिच्या तोंडून ऐकलेलं.

रिचफील्डचं ते चर्च आमच्या चर्चसारखंच, तेच गालिचे, तीच भिंतीवरची चित्रं. घरचे लोक आत आईपाशी प्रार्थनेला जमले होते. बाहेर कोट टांगायच्या खोलीपाशी एक माणूस एकटाच उभा होता. बुटका, टक्कल पडलेला, जुन्या पद्धतीचा रुंद टाय. येणारे जाणारे त्याच्या दंडाला हात लावून पुढे जात होते, थांबत कुणी नव्हतं. नेड्राने त्याला कल्पनेत उंच आणि हडकुळा धरला होता. तरी तिने ओळखलं.

तो म्हणाला, "तुम्ही ऑर्गनवाली."

"आणि तुम्ही रिकामा बाक. बसायला जागा आहे का?"

त्याला हसू आलं आणि त्याबरोबरच डोळे भरले. त्याने तोंड कोटांकडे फिरवलं. तसाच म्हणाला की आतली प्रार्थना थोरल्या भावाने म्हणायची ठरलं आहे. आईला पांढरे कपडे वहिन्यांनी घातले. थडग्यावरचा आशीर्वाद दुसरा भाऊ म्हणेल. कुणी मला येऊ नको म्हणालं नाही, पण ही कामं चर्चमधल्यांनीच करायची; मला करण्यासारखं आत काही नाही.

तरी शेवटी तो घरच्यांपाशी आत गेला, आणि नेड्रा चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसली. पण विधी सुरू होताना घरचे सगळे रांगेने आत आले तेव्हा वेल्डन पुढे न जाता तिच्या शेजारी येऊन बसला. पुढून भावाने वळून पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं.

मग गाणं सुरू झालं. नेड्रा म्हणाली, तिथली ऑर्गनवाली पोरगी नवखी होती, फार संथ वाजवत होती. आणि शेजारून खालच्या पट्टीतला आवाज आला. वेल्डन गात होता. पुस्तक न उघडता, खालच्या सुरांची ओळ सगळी पाठ, एवढ्या वर्षांनीही. "असा आवाज आपल्या अख्ख्या चर्चमध्ये नाही, आर्डी," ती मला म्हणाली. "मी त्याचा शब्दन् शब्द वाचला होता. पण आवाज असेल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं." तिला वरचे सूर गाता येतात, ती गायली. दोघं शेवटपर्यंत गायली.

दफन झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. हॅम, चीज घातलेले बटाटे, किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली. अंत्यविधीला आमच्याकडे दुसरं काही नसतंच. बायका वाढत होत्या. एक मावशी आली, वेल्डनच्या गालाला हात लावून म्हणाली, आता तरी परत येशील ना रे, तुझी आई तिथून बघतेय. तो म्हणाला, मावशी, बटाटे फार छान झालेत. मग थोरल्या भावाची बायको आली आणि नेड्राकडे बघून, ही कोण असं तिने विचारलं. वेल्डन गडबडला. नेड्रानेच सांगितलं, आम्ही जुने ओळखीचे.

निघताना तो तिला गाडीपर्यंत पोचवायला आला. वारा फार होता. गाडीच्या दाराला हात लावून तो उभा राहिला आणि म्हणाला, "एवढ्या वर्षांत मी एक प्रश्न तुम्हाला विचारला नाही. तुमचा खरंच विश्वास आहे?"

नेड्राने खोटं सांगितलं नसतंच. ती म्हणाली, "ऑर्गनवर बसते तेव्हा असतो. तुमचं वाचते तेव्हा मला तो दोन्ही हातांनी धरून ठेवावा लागतो." मग तिने विचारलं, "आणि तुमचा खरंच नाही?"

त्याने डोंगराकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "असता तर आज आईपाशी प्रार्थना म्हणायला मला आत उभं राहता आलं असतं. तेवढ्यासाठी तरी असावा असं आज वाटलं. पण तेवढ्याने येत नाही तो."

तिने त्याचा हात हातात घेतला, थोडा वेळ धरला, आणि ती गाडीत बसली.

मला वाटलं होतं, चला, नेड्राला एक मित्र मिळाला. पुढच्या गुरुवारी मी तसं म्हटलंही. तिने लोकरीची लडी माझ्या हातात दिली.

झालं असं की दोन आठवड्यांनी वेल्डनने पुन्हा एक मोठा लेख टाकला, घोड्यांवरूनच. चांगला होता, पण एका ठिकाणी कच्चा होता. नेड्राला ते लगेच दिसलं. पूर्वी तिने तिथंच बोट घातलं असतं. तिने लिहायला घेतलं आणि तिला तो कोटांकडे तोंड फिरवून उभा असलेला दिसला. लिहिलेलं पुसून तिने काहीतरी गुळमुळीत लिहिलं. त्यानेही तसंच उत्तर दिलं. ऑर्गनवाली बाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, वगैरे. पुढच्या वेळी तिचं म्हणणं कच्चं होतं, तिला स्वतःलाच ठाऊक होतं, आणि त्याने ते सोडून दिलं. ते सोडून दिलेलं तिला फार लागलं.

"त्याला दिसलं होतं, आर्डी," ती म्हणाली. "दिसलं नाही असं होणारच नाही. त्याने मला वाचवलं."

"मग चांगलंच की," मी म्हटलं.

"नाही गं," ती म्हणाली. आणि का नाही ते तिला काही मला समजावता आलं नाही.

तिथं नेहमी वाचणारे लोकही कंटाळले. कुणीतरी लिहिलं, तुम्ही दोघं आता लग्नच करा. मग वेल्डन आठवड्यातून एकदा लिहायला लागला, मग महिन्यातून. मग थांबला. तिला एकटीला निरोप पाठवायचाही थांबला. नाताळला तिने त्याला लिहिलं तेव्हा उत्तर आलं की कुत्रं गेलं, दुकानात काम वाढलंय, तुम्हा दोघांना शुभेच्छा. त्यात राग नव्हता. पण विचारण्यासारखंही काही नव्हतं. वादाशिवाय एकमेकांशी बोलायचं कसं ते दोघांनाही येत नव्हतं, आणि वाद आता घालवत नव्हता.

दुसऱ्या कुणाशी तरी घाल, असं मी तिला सुचवलं. तिने प्रयत्न केला. पण ती जागाच ओसाड होत चालली होती. आता पोरं कॅमेऱ्यापुढे बसून बोलतात, चर्चला शिव्या देणारीही आणि चर्चची बाजू घेणारीही. हसतात, संगीत लावतात, लाखो लोक बघतात. नेड्राने एकदोन बघितले. म्हणाली, दोन्हीकडचे उतारा अर्धाच देतात आणि पुढचं वाक्य कुणी विचारत नाही. मग तिने शिवणखोलीतला कॉम्प्युटर नातवाला देऊन टाकला आणि तिथं शिवणयंत्र परत मांडलं.

बिशप बदलला. नव्या बिशपने तिला विचारलं, रविवारचा वर्ग पुन्हा घ्याल का? आता चर्चच म्हणतं की अवघड प्रश्नांवर बोलावं, आणि तुम्हाला तर सगळं येतं. मला फार आनंद झाला. पण तिने नम्रपणे नाही सांगितलं. ऑर्गन पुरे, म्हणाली. ब्रदर फॅरल तोवर गेले होते. त्यांच्या अंत्यविधीला ऑर्गन तिनेच वाजवला, आणि सुंदर वाजवला.

बॉइड आता थकलाय, पाखरं मुलगा बघतो. दुपारभर तो व्हरांड्यात बसतो आणि नेड्रा आत. दोघांचं बरं चाललंय. तिला कधी कुणाबद्दल कुरकुर करताना मी ऐकलेलं नाही.

मागच्या सप्टेंबरात आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात पीच सोलत होतो, बरण्या भरायच्या होत्या. मग काही संबंध नसताना ती म्हणाली, "मला हल्ली कुणी चूक म्हणत नाही."

ते माझ्या मनात घर करून बसलं. पुढच्या गुरुवारी येताना मी माझ्या भाच्याकडून थोडं विचारून, थोडं वाचून आले. पिचांची दुसरी पेटी उघडली होती. मी सहज विचारल्यासारखं केलं. म्हटलं, "का गं, आपल्या ग्रंथात पोलादाच्या तलवारी आहेत. पण त्या काळी या देशात पोलाद कुठं होतं? मला तर हे काही पटत नाही."

नेड्राने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं. मी काय करतेय ते तिला कळलं असावं. मग तिने बोलायला सुरुवात केली. आधी हळू, मग भराभर. जुन्या इस्रायलात त्या शब्दाचा अर्थ काय होता, जमिनीत काय सापडतं आणि काय सापडत नाही, टीकाकार काय म्हणतात, त्यात खरं किती, आपल्या बाजूचे कुठं ओढूनताणून आणतात. हात हलवत होती. मनगटावर पिचाचा रस ओघळून वाळून गेला. कित्येक वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं.

बोलून झाल्यावर ती थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी शोधलं. डोक्यात खरंच काही नव्हतं.

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं.

ती अजून थांबली होती. "आणखी काही?"

"नाही. पटलं मला."

"हो का," नेड्रा म्हणाली. तिने हात धुतले, टॉवेलला पुसले आणि सुरी उचलली. खाली अजून अर्धी पेटी होती.